आंटी सॅनाचं अर्धं दार

सॅना जानुआरी बोलायला उभी राहिली की टेबलावरच्या पीचमधल्या बिया आपणहून बाहेर येऊन बसतात, असं मी लोकांना सांगत असे. ते खोटं आहे. बिया बसत नसत, मुकादम बसत असे. तोही पाठीमागे खुर्ची आहे की नाही हे न बघता.

जानुआरी हे तिचं आडनाव. आमच्या पणजोबांना ज्या महिन्यात गुलाम म्हणून विकत घेतलं त्या महिन्याचं नाव मालकांनी त्यांना चिकटवून दिलं. त्यामुळे विटक्लूफच्या खालच्या गल्लीत एप्रिल, ऑगस्ट आणि दोन फेब्रुवारी शेजारी शेजारी राहतात आणि एका नळावरून वर्षभर भांडतात. सॅनाचं घर माझ्या घरासमोर. मी, अंकल डावी, जोडे दुरुस्त करतो. गल्ली इतकी अरुंद की मी ठोकलेला खिळा तिच्या भिंतीत निघतो.

शाळा सुटल्यापासून ती फळांच्या कारखान्यात होती. तिथे पीच डब्यात भरतात. काम जोडीनं चालतं. एक बाई फळाच्या शिवणीवरून सुरी फिरवून दोन फाका करते, दुसरी चमच्यानं बी काढते. जोडी जमायला एक हंगाम जातो आणि जमली की नवऱ्याबायकोपेक्षा जास्त टिकते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कागदावर आम्ही मिश्र रक्ताचे म्हणून ‘रंगीत’ आणि पुलाच्या पलीकडचे काळे झोसा लोक ‘नेटिव्ह’. पण सुरीला कागद वाचता येत नाही. लेआ फोर्टुइन ही आमच्या गल्लीतली. तिची जोडी नोसांदिलेशी होती, आणि नोसांदिले पुलापलीकडची. दोघी न बघता काम करायच्या आणि बघून भांडायच्या. सॅना कामगार संघटनेची सेक्रेटरी झाली तेव्हा तिनं एवढंच केलं: टेबलावर जी जोडी होती तीच तिनं सभेत बाकावर बसवली. संघटना एक, चहाची किटली एक, शिव्या द्यायला मालक एक.

मग सरकारनं आधी किटल्या वेगळ्या केल्या. नंतर फाटकं वेगळी केली. कपडे बदलायच्या खोलीत मधोमध फळ्यांची भिंत घातली, तर बायकांनी फळीतल्या गाठी काढून त्यातून तंबाखू द्यायला-घ्यायला सुरुवात केली. शेवटी नवा कायदा आला. त्यात म्हटलं होतं की रंगीतांच्या संघटनेनं नेटिव्ह सभासद काढून टाकावेत, नाहीतर संघटनेची नोंदणी रद्द होईल. नोंदणी गेली की मालकासमोर बसून बोलायचा हक्कही गेला. आणि कायद्याची वही उघडण्याआधी त्यांनी सॅनाचं तोंड बंद केलं.

हुकूम घेऊन सार्जंट लोम्बार्ड आला. तरुण होता, गोरा होता, आणि त्याला पाहून वाटे की याला आत घालून मगच गणवेशाला इस्त्री केली असावी. सॅनाच्या दारात उभा राहून त्यानं वाचलं. कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, गावाची हद्द ओलांडायची नाही, संघटनेचं काम करायचं नाही, कोणत्याही जमावात असायचं नाही.

“जमाव म्हणजे किती?” सॅनानं विचारलं.

“तू आणि आणखी एक, एवढं चालेल. त्यावर एक जरी समान हेतूनं आला तरी जमाव.”

“आणि मांजर?”

“कसलं मांजर?”

“माझं. त्याचा आणि माझा हेतू पुष्कळदा समान असतो. मासळीच्या दिवशी तर नेहमीच.”

लोम्बार्ड हसला नाही. घडी घालून त्यानं कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “एकदा चूक केलीस की तीन वर्षं तुरुंग. मी वाट बघायला कंटाळत नाही.”

हे त्याचं खरं होतं. दुसऱ्याच दिवशी तो माझ्या ओट्यावर माझी खुर्ची ओढून बसला. मी विचारलं, “सार्जंटसाहेब, जोडे शिवायचेत?” तर म्हणाला, “तू तुझं काम कर, म्हाताऱ्या.” आणि समोरच्या दारावर डोळे लावले.

त्या दाराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दारं आडवी चिरलेली असतात. खालचं अर्धं बंद ठेवायचं, वरचं उघडायचं. वरून माणसं बोलतात, खालून कोंबड्या अडतात. सॅना त्या अर्ध्या दारात कोपरं टेकून उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं “मॉर्निंग, आंटी सॅना” म्हणायचं आणि न थांबता पुढे जायचं, कारण थांबलं आणि मागून दुसरं कोणी आलं, तर तिला तीन वर्षं.

फेब्रुवारीच्या मध्यावर पीच उतरायला लागले. संघटनेची सभा ठरली, तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी, पाळी सुटल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये. कामगार खात्याचा अधिकारी हजर राहणार आणि हात वर करून ठराव होणार होता, नेटिव्ह बाहेर की नोंदणी बाहेर. सॅनाच्या जागी आता हेंड्रिक फोर्टुइन पुढारी आणि सभेचा अध्यक्ष होता, लेआचा नवरा, बॉयलरवरचा माणूस. वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. तो म्हणायचा, “नोंदणी गेली तर आपण सगळेच उघडे. निदान अर्ध्यांच्या अंगावर तरी पांघरूण राहू दे. मग आतून त्यांच्यासाठी भांडू.” ऐकायला शहाणपणाचं वाटे. भीतीनं शहाणपणाचा कोट घातला की तो तिला फार शोभतो.

पण नोसांदिलेचा पांघरुणाचा हिशोब वेगळा होता. संघटनेत नसलेल्या नेटिव्ह बाईच्या पासवर, म्हणजे गावात राहायच्या परवान्यावर, सही मागायला कोणी उभं राहत नाही. सही नाही तर काम नाही, काम नाही तर गावात राहायचं नाही. पोलीस तिला आगगाडीत बसवून दूर झोसांच्या मुलखात, ट्रान्स्कायला, पाठवणार, ‘तुझ्या गावी’ म्हणून. तिची आई पुलाच्या पलीकडच्या मातीत पुरलेली. ट्रान्स्काय तिनं नकाशावरसुद्धा पाहिला नव्हता.

सगळ्या गावाला ठाऊक होतं की त्या हॉलमध्ये सॅना थोडा वेळ उभी राहिली असती, तर ठराव आपल्या पायांनी बाहेर चालत गेला असता. तिला तिथे उभं राहता येणार नव्हतं. म्हणून ती कूसिस्टर तळायला लागली.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत कूसिस्टरशिवाय चहा पीत नाहीत. दालचिनी-बडीशेपेचे गोळे तळायचे, पाकात बुडवायचे, वर खोबरं भुरभुरायचं. करते एखादीच बाई, बाकीचे आपापलं भांडं घेऊन तिच्या दाराशी जातात. भांडं घेऊन, हे महत्त्वाचं. पाक गळतो, कागदात टिकत नाही. आणि दुसरं म्हणजे भांड्यावरून माणूस कळतो. कोणाचा टवके उडालेला वाडगा, कोणाची काचेची बशी. ऑगस्टांची सून तर पाहुण्यांसाठीचं सूपचं मोठं भांडं आणायची, ते तिच्याकडे आहे हे लोकांना कळावं म्हणून. दाराच्या पायरीवर एका वेळी एकच माणूस चढतो, कारण आत उकळता पाक असतो आणि लहानपणी प्रत्येकाला त्याचा एक चटका बसलेला असतो. मागचा माणूस आपल्या जागी थांबतो. ही रीत सरकारच्या हुकमापेक्षा जुनी आणि कितीतरी जास्त पाळली जाणारी.

सॅनाला स्वयंपाक येत नव्हता. तिच्या पहिल्या रविवारचे कूसिस्टर मी जोड्यांच्या टाचांना लावले, ते अजून झिजले नाहीत. पण लोक यायचे. एक कूसिस्टर पाकात बुडून वर यायला जितका वेळ लागतो तितकं ती बोलायची, एकेकाशी. सहा मागितले तर सहा बुडवण्यांइतकं भाषण. ज्यांची मनं डळमळीत होती त्यांच्या वाडग्यात ती एक जास्त टाकायची, म्हणजे एक वाक्य जास्त बोलता यायचं.

लोम्बार्ड बघत होता. त्यानं घड्याळ काढलं, ठेवलं. पायरीवर कधीच दोघं नव्हते. रांग म्हणावी तर रांग नव्हती. प्रत्येकजण आपापल्या भिंतीला टेकून डोंगराकडे बघत उभा.

“ती काय बोलते त्यांच्याशी?” त्यानं मला विचारलं.

“खोबरं जास्त हवं का कमी, ते.”

“एवढा वेळ?”

“साहेब, तुम्ही आमच्या बायकांना ओळखत नाही. खोबऱ्यावरून आमच्याकडे लग्नं मोडलीत.” मग त्याचं लक्ष उडवावं म्हणून मी त्याला सांगितलं की एका वर्षी दक्षिणेचा वारा असा सुटला की माझी शेळी डोंगरापलीकडे उडून गेली, आणि आठवड्यानं वाऱ्यानंच परत आणून सोडली तेव्हा तिला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, “हं.” दारावरून नजर काढली नाही. गोष्ट ऐकताना ज्याची नजर हलत नाही तो माणूस धोक्याचा, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सभेच्या आदल्या रविवारी नोसांदिले चर्चला जाता जाता आली. पांढरी टोपी, लाल झगा, हातात जर्मनचा वाडगा. गल्ली अरुंद, त्यामुळे मला बरंच ऐकू येत होतं. जे आलं नाही ते पुढे लोकांनी सांगितलं.

“सिसी,” नोसांदिले म्हणाली, त्यांच्यात ताईला असं म्हणतात, “उद्या आम्हाला हॉलमध्ये घेणार नाहीत म्हणे. अंगणात उभं राहायचं.”

“उभी राहा.”

“आणि आत हात वर झाले तर?”

“किती देऊ?”

“सॅना.”

सॅनानं झारा पाकातच ठेवला. “मला माहीत नाही, नोसांदिले. मी डोकी मोजते. सकाळी आपण जिंकतो, दुपारी हरतो. सगळं हेंड्रिकवर आहे. तो जिकडे गेला तिकडे ते जातील.”

“तो माझ्याकडे बघत नाही हल्ली. लेआला घ्यायला फाटकाशी येतो आणि माझ्या जोड्यांकडे बघून मॉर्निंग म्हणतो.”

“जोडे चांगले आहेत तुझे.”

“अंकल डावीनं शिवलेत. चावतात.” असं म्हणून तिनं माझ्याकडे हात हलवला आणि गेली. तिची मान ताठ होती. पण वाडगा भरून घेतला होता आणि त्यावर फडकं टाकायचं विसरली होती. गल्लीच्या टोकापर्यंत माश्या तिच्या मागे गेल्या.

त्यानंतर हेंड्रिक आला.

पुरुष सहसा येत नाहीत. लेआनं त्याला सांगितलं होतं, “तुला खायचे असतील तर तूच जा, मी तिला तोंड दाखवू शकत नाही.” हातात निळ्या काठाचं भांडं धरून तो भिंतीभिंतीनं आला, जणू भांडं चोरीचं आहे. पायरी चढला. भिंतींना टेकलेली माणसं डोंगराकडे बघायची विसरून त्याच्याकडे बघू लागली.

“मॉर्निंग, आंटी सॅना.”

“किती?”

“बारा.”

“तुझ्या घरात तीन माणसं आहेत.”

“तू बोलणारच आहेस,” हेंड्रिक म्हणाला. “म्हटलं एकदाच काय ते ऐकून घ्यावं.”

सॅनानं पहिला बुडवला. काही बोलली नाही. दुसरा बुडवला. तिसरा. हेंड्रिकच्या कपाळावर घाम आला. चौथ्याला तोच म्हणाला, “बोल ना.”

“तुला सगळं माहीत आहे. तुला काय नवं सांगू?”

त्याच वेळी वरच्या रस्त्याकडून एक बाई उतरताना दिसली. निळी टोपी, हातमोजे, काखेत पर्स. आमच्यासारखीच रंगीत, पण आमच्या गावची नव्हे. भिंतीला टेकलेल्या कोणालाही मॉर्निंग न म्हणता ती सरळ सॅनाच्या दाराकडे निघाली.

माझं लक्ष तिच्याकडे गेलं नाही. माझं लक्ष लोम्बार्डकडे गेलं. ती पायरीशी पोचायच्या आधीच तो खुर्चीतून उठला होता.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि खिळे तोंडात होते.

बाई पायरीवर चढली. हेंड्रिकच्या खांद्याला खांदा लागला. “मलाही हवेत,” ती म्हणाली. “आणि उद्याच्या सभेचं काय ठरलं, आंटी?”

सॅना, हेंड्रिक आणि ती. तीन.

लोम्बार्ड दोन ढांगांत गल्ली ओलांडून गेला. “कोणी हलायचं नाही. सॅना जानुआरी, हा जमाव आहे. संघटनेच्या कामाबद्दल बोलताना मी स्वतः ऐकलं.”

आत पाक खदखदत होता. सॅनाचा हात झाऱ्यावर तसाच राहिला. तिचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतो आहे, त्याचा रंग गेलेला मी तेव्हा पाहिला. तीन वर्षं, आणि उद्याची सभा. एका वाक्यात दोन्ही गेलं होतं.

लोम्बार्डनं कागद काढला आणि हेंड्रिककडे वळला. त्याच्याशी तो गोड आवाजात बोलला. “फोर्टुइन, तू शहाणा माणूस आहेस. उद्या तू काय करणार आहेस हे वरच्या साहेबांना माहीत आहे, त्यांना आनंद आहे. तू आमचा माणूस. हिच्याशी तुझा संबंध नाही. तुम्ही तिघं संघटनेबद्दल बोलत होता, एवढंच लिहून सही कर आणि घरी जा.”

हे तो मोठ्यानं बोलला. त्याला वाटलं हेंड्रिकला तो उपकार वाटेल. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीनं ते ऐकलं.

हेंड्रिक कागदाकडे बघत राहिला. मग सॅनाकडे. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पाकातले कूसिस्टर जळू नयेत म्हणून तिनं विस्तव मागे ओढला. एक सही केली असती तर उद्याची सभा त्याची होती, समोर उभं राहणारं कोणी उरलं नसतं.

“ही बाई कोण?” हेंड्रिकनं विचारलं.

“ते तुला काय करायचंय?”

“नाही, मला खरंच माहीत नाही. हिचं भांडं कुठाय?”

“काय?”

“भांडं, सार्जंटसाहेब. मी कूसिस्टर घ्यायला आलो, माझ्या हातात भांडं आहे. ते एप्रिल, ती ऑगस्टांची सून, बघा, सगळ्यांच्या हातात भांडी आहेत. हिच्या हातात पर्स आहे. पाक पर्समध्ये घेणार का?”

भिंतीपाशी कोणीतरी खुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाईनं पर्स पाठीमागे घेतली. मग तीच चूक होती असं वाटून पुढे आणली. “मी... मला कागदात चालतील.”

आता, ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत. भांडंच न घेता ताकाला आलेली ही पहिलीच. गोऱ्यांच्या बाजूला बेकरी आहे, तिथे गोड पदार्थ कागदी पिशवीत मिळतात; लोम्बार्डनं सगळी तयारी केली, टोपी, हातमोजे, वेळ, वाक्य, आणि त्याला भांडं सुचलंच नाही. सुचणार कुठून? गल्लीवर डोळे लावून बसला होता, पण त्याला डोकी मोजायची होती. हातांत काय आहे हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

“भांडं असो नसो,” तो म्हणाला, आणि त्याचा कान लाल झाला, “ती इथे उभी होती.”

“होती,” हेंड्रिक म्हणाला. “तुमच्या हुकमात समान हेतू लिहिलंय ना? त्या हुकमाची नक्कल संघटनेच्या पेटीत आहे, मी वाचलीय. माझा हेतू कूसिस्टर. हिचा हेतू कूसिस्टर नव्हता. मग समान काय होतं, तुम्ही सांगा. मी सही करत नाही.”

“विचार करून बोल, फोर्टुइन. बॉयलरची नोकरी आहे तुझी.”

“आहे.”

“आणि कारखान्याचं घर मिळायचंय.”

“मिळायचं होतं,” हेंड्रिक म्हणाला.

लोम्बार्ड वळला. “ए म्हाताऱ्या. तू समोरच होतास. काय पाहिलंस?”

मी तोंडातले खिळे काढले. “साहेब, मी साक्षीला येईन. पण माझी शेळी इंग्रजी बोलते हे मी याच ओट्यावर तुम्हाला सांगितलंय. मॅजिस्ट्रेटनं आधी तिला बोलवायचं म्हटलं तर?”

कोणी हसलं नाही. हसायची वेळ नव्हती. लोम्बार्ड पायरीवरच उभा राहून हिशोब करत होता. कोर्टात साक्षीदार म्हणून त्याच्याकडे एकच बाई उरली होती; तिला उभी केली की तिचं नाव सगळ्या जिल्ह्याला कळणार आणि ती पुन्हा कुठल्याच गावात कामाला येणार नाही. त्यानं कागदाची घडी घातली. बाईला मानेनं खूण केली. ती चढावर चालायला लागली, टाचा दगडांत अडकत होत्या. टाचा वाईट शिवलेल्या होत्या, हे मी धंद्याच्या दृष्टीनं सांगतो.

जाताना लोम्बार्ड हेंड्रिकला म्हणाला, “उद्या मी हॉलच्या दारात असेन.”

सॅनानं राहिलेले कूसिस्टर बुडवले, भांडं भरलं आणि खोबरं टाकलं. हेंड्रिक भांडं दोन्ही हातांत धरून पायरीवरच राहिला.

“मी उद्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही,” तो तिला म्हणाला. “हे वेगळं आणि उद्याचं वेगळं.”

“मी कुठे काय विचारलं?” सॅना म्हणाली. “खाली उतर, मागे माणसं उभी आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी माझी पेटी उचलून चर्चच्या हॉलच्या पायरीवर जाऊन बसलो. तिथे मी कधीच बसत नाही. पाळी सुटली, माणसं आली. रंगीत आत, बाकांवर. नेटिव्ह बायका अंगणात, खिडक्यांबाहेर, पांढऱ्या टोप्यांना हात लावून, कारण दक्षिणेचा वारा सुटला होता. नोसांदिले खिडकीपासून लांब, कुंपणाशी उभी होती. लेआ आत पहिल्या बाकावर बसली होती, खिडकीकडे पाठ करून. दारात लोम्बार्ड.

अधिकाऱ्यानं कायदा वाचला. त्याला वाचायला फार वेळ लागला. मग म्हणाला, “अध्यक्षांनी ठराव मांडावा.”

हेंड्रिक उठला. टेबलाचा कोपरा धरून उभा राहिला.

“सभासद पूर्ण नाहीत,” तो म्हणाला.

“जे हजर आहेत ते पुरेत.”

“अर्धे बाहेर आहेत.”

“नेटिव्हांना या इमारतीत परवानगी नाही, मिस्टर फोर्टुइन. तुम्हाला माहीत आहे.”

“हो,” हेंड्रिक म्हणाला. “मग इमारतीचा दोष आहे.”

असं म्हणून त्यानं अध्यक्षाची खुर्ची उचलली. जड, सागवानी, पाद्रीबाबाची. ती पोटाशी धरून तो मधल्या वाटेनं चालत निघाला. दारात लोम्बार्ड होता. खुर्चीचे पाय पुढे आले तसा तो बाजूला झाला, सवयीनं, जसं कोणीही होईल. हेंड्रिक अंगणात गेला आणि खुर्ची वाऱ्यात ठेवली.

आणि आतून कोणी उठलं नाही.

हे मी लोकांना सांगताना गाळतो. गावाबाहेरच्यांना मी सांगतो की सगळा हॉल एका श्वासात उठला. उठला नाही. हेंड्रिक अंगणात खुर्चीशेजारी एकटा उभा, एका बाजूला त्या बायका, ज्यांच्या जोड्यांकडे बघून तो मॉर्निंग म्हणत होता; आत बाकांवर त्याची माणसं, मान खाली घातलेली. अधिकारी पेन उघडून बसलेला. तो म्हणाला, “अध्यक्षांनी सभा सोडली असं मी लिहितो.” पेन कागदावर टेकलं.

तेव्हा लेआ उठली. तिनं पहिल्या बाकाचं एक टोक धरलं आणि उचलायला लागली. बाक लांब, एकटीनं हलेना. तिनं दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे ऑगस्टांची सून बसली होती, रविवारची टोपी घालून, जिला गल्लीत कोणी कधी कसल्याही कामाला हात लावताना पाहिलं नव्हतं. लेआ म्हणाली, “उठतेस का, तुझ्यासकट उचलू?”

ती उठली. टोपी काढून बाजूच्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि बाकाचं टोक उचललं.

मग मात्र बाकांचा असा आवाज झाला की वाऱ्याचा आवाज ऐकू येईना. काही जण बसून राहिले, हेही सांगतो. पण अंगण भरलं. ज्यांना आत जागा नव्हती त्या बायका बाकांवर बसल्या, आणि जे बाक घेऊन आले ते उभे राहिले. हेंड्रिकनं ठराव मांडला. नेटिव्ह सभासद काढावेत म्हणून हात वर करा, असं तो म्हणाला, आणि अंगणात एकही हात वर गेला नाही. एका बाईची टोपी उडाली तेवढी वर गेली. अधिकारी आत रिकाम्या हॉलमध्ये लिहीत होता. काय लिहिलं देव जाणे.

नोंदणी गेली. महिनाभरात हेंड्रिकला बॉयलरवरून काढलं आणि घर दुसऱ्याला दिलं. पण त्या आठवड्यात कारखान्याच्या अंगणात पीचचे डोंगर उन्हात मऊ होत होते, आणि मालकाला नोंदणीपेक्षा सुऱ्या आणि चमचे जास्त हवे होते. जोड्या तुटल्या तर कोणीच कामावर येणार नाही, हे त्याला कागदावर न लिहिता कळवलं गेलं. त्या हंगामापुरत्या पासांवर सह्या झाल्या. पुढच्या हंगामाचं भांडण वेगळं होतं, आणि त्यात सॅना नव्हती. हिवाळ्यात तिला उचलून दूर उत्तरेला नेऊन ठेवलं. तोपर्यंत तिचे कूसिस्टर बरे व्हायला लागले होते.

पण त्या सोमवारी ती तिच्या अर्ध्या दारात उभी होती, हॉलकडून काय येतंय ते ऐकत. वारा उलट्या दिशेचा होता, काही ऐकू येत नव्हतं. सभा सुटली तेव्हा सगळे तिच्याकडे धावत सुटले आणि गल्लीच्या टोकाशी गपकन थांबले, कारण लोम्बार्ड माझ्या खुर्चीत आधीच येऊन बसला होता. मग ते एकेक करून आले. पहिल्यानं सांगितलं, दुसऱ्यानं पुन्हा सांगितलं, तिसऱ्यानं बाकांची संख्या वाढवली. ऑगस्टांच्या सुनेनं सांगितलं की बाक तिनं एकटीनं नेला. सॅना प्रत्येकाचं ऐकत होती, जणू काही तिला आत्ताच कळतंय, आणि प्रत्येकाला विचारत होती, “मग?”

सगळ्यांत शेवटी नोसांदिले आली. तिला पुलापलीकडे जायची घाई होती, दिवस कलला होता. ती पायरीवर चढली. लोम्बार्ड घड्याळाकडे बघत होता.

“खुर्ची त्यानं स्वतः उचलली?” सॅनानं विचारलं.

“स्वतः.”

“कोणी सांगितलं होतं?”

“कोणीच नाही.”

सॅनानं दारावरून हात फिरवला. “त्याची पाठ धरते. बॉयलरवरच्या सगळ्यांची धरते. लेआला सांग, गरम मिठानं शेक म्हणावं.”

“सांगते,” नोसांदिले म्हणाली. “उद्या सकाळी, टेबलावर.”